इंजिन बंद करू नये

अण्णा, तुम्हाला न्यायला आलेली गाडी पन्नास मिनिटं तुमच्या दारात चालू होती. तिच्यात काहीही बिघाड नव्हता. मे महिन्यातली दुपार, सोनागिरीतली तुमची ती अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना माणसं, आणि मधे मराठी मंडळाची पांढरी व्हॅन धूर सोडत थरथरत उभी. धूर तुमच्या ओट्यावरून सरळ पुढच्या खोलीत जात होता. त्याच खोलीत तुम्ही जमिनीवर होता, नाकात कापूस घातलेले. माझ्या मनात आलं, बरं आहे, ह्यांना वास येत नाही. असा विचार मला सुचू शकतो ह्याची मला तिथल्या तिथे शिसारी आली, आणि आज पंधरा दिवस झाले तरी ती गेलेली नाही.

मंडळाच्या पत्रिकेसाठी चारशे शब्द मागितलेत. सोबत तुमचा फोटो, शक्यतो हसरा. 'तुम्ही त्यांच्या जवळचे, तुम्हीच लिहा.' सचिव म्हणून सगळ्यांचे स्मृतिलेख मीच लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडे साचा तयार असतो: मनमिळाऊ, परोपकारी, समाजाची कधीही भरून न येणारी हानी. नाव बदलायचं आणि आडनाव तपासायचं. तुमच्यासाठीही तो उघडला होता. 'कै. अनंत बोकील यांनी मंडळाच्या शववाहिनीची सेवा अखेरपर्यंत' इथवर टाइप केलं आणि हात थांबला. अखेरपर्यंत! चार वर्षांपूर्वी तुमच्याकडून किल्ली काढून घेतली ती ह्याच हाताने.

तेव्हा हे चारशे शब्दांत बसणार नाही. जसं आहे तसं छापायला देणार आहे, म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही परत सांगाव्या लागतील. वाचणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत. ठाऊक होऊ नयेत अशी व्यवस्था मीच केली होती.

मंडळाकडे ती व्हॅन आली तेव्हाच जुनी होती. पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरवाली, मागची सीटं काढून तिथे तिरडी ठेवायची फळी बसवलेली. तुम्ही कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून नुकतेच निवृत्त झाला होता. बैठकीत म्हणालात, "गाडी मी चालवीन, मीच बघीन. किल्ली तेवढी एकाच माणसाकडे असू द्या." बारा वर्षं ती तुमच्याकडे होती. भोपाळातल्या मराठी घरात कोणी गेलं की पहिला फोन डॉक्टरला, दुसरा तुम्हाला.

माझ्या वडिलांनाही तुम्हीच नेलंत. जूनचे पहिले दिवस, आग ओतणारं ऊन. सगळं आटोपून आम्ही विश्रामघाटाबाहेर आलो आणि व्हॅन सुरू होईना. सेल्फ मारला की नुसती घर्र घर्र, पुढे काही नाही. नातेवाईक आपापल्या गाड्यांतून निघून गेले. उरलो आपण दोघं. मी म्हटलं, धक्का मारून बघू का? तुम्ही म्हणालात, "तुला कुठे जायची घाई आहे? नाही ना? मग बस." व्हॅनच्याच सावलीत आपण बसलो. तुम्ही खिशातून दाण्यांची पुडी काढली, अर्धे दाणे माझ्या तळहातावर ओतले. तिसरा की चौथा दाणा तोंडात टाकला आणि मला एकदम रडू फुटलं. सकाळपासून आलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. दाणे खात राहिलात. चाळीस मिनिटांनी गाडी थंड झाली, एका सेल्फमध्ये उठली, आणि तुम्ही म्हणालात, "चल, तिचंही झालं." त्या बिघाडाचे माझ्यावर उपकार आहेत, अण्णा. पुढे मी त्याचं काय केलं ते आता सांगतो.

त्या दिवसानंतर तुम्ही एक सावधगिरी बाळगायला लागलात. गाडी गरम असताना बंद केली तर उठत नाही, म्हणून मयताच्या घरासमोर इंजिन चालूच ठेवायचं. मला तुम्ही सांगितलं होतं की सुधीर, बैठकीत विषय काढ, हिला नीट बघायला हवं. मी वर्षभर काढला नाही. विसरलो असं म्हणायचो. विसरलो नव्हतो, कंटाळा केला होता.

मग बाग सेवनिया वस्तीतलं ते मयत. एक वृद्ध गृहस्थ गेले होते आणि त्यांचे जावई पुण्याहून आले होते. व्हॅन दारात चालू, धूर आत. जावई बाहेर येऊन चारचौघांत मला म्हणाले, "हे इंजिन का चालू ठेवलंय? आत बायकांना ठसका लागतोय." खरं उत्तर पाच शब्दांचं होतं: गाडी खराब आहे, माफ करा. मंडळाचा सचिव म्हणून ते द्यायची मला लाज वाटली. सरकारी कार्यालयात अठ्ठावीस वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकलोय. अडचण लपवायची असेल तर तिला नियम म्हणायचं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "आपल्याकडे रीत आहे. पार्थिव निघेपर्यंत गाडी बंद करत नाहीत. आत्म्याचा खोळंबा होतो."

जावयांनी हात जोडले. मला म्हणाले, "सॉरी, माहीत नव्हतं."

परतताना तुम्ही विचारलंत, "कुठली रे ही रीत?"

"सुचली, अण्णा."

"आत्म्याचा खोळंबा!" म्हणालात आणि स्टिअरिंगवर हात आपटून हसलात. मीही हसलो. चेतक पुलापर्यंत आपण दोघं हसत होतो. एका मेलेल्या माणसाला नुकतंच पोचवून आलेले आपण. ते हसू आता आठवायलाही नको वाटतं. तुमचा दोष नाही त्यात. तुम्हाला तो विनोद वाटला, तो विनोदच होता. मी मात्र तो परत वापरला. पुढच्या महिन्यात, मग त्याच्या पुढच्या. तिसऱ्या वेळी मला सांगावंही लागलं नाही, कोणाची तरी मावशी पुढे येऊन म्हणाली, "गाडी बंद नका करू हं, आपल्यात चालत नाही."

गुरुजींनी त्याला शास्त्र जोडलं. अखंड नाद जिवाला वाट दाखवतो म्हणे. पेंडसेकाका, आपले सगळ्यात जुने सभासद, त्यांनी तर इतिहास दिला: "आमच्या साताऱ्याकडे बैलगाडीतून नेत. तेव्हाही बैल सोडत नसत. त्यातूनच आलंय हे." मी समोर बसून मान हलवत होतो. स्वतः मारलेली थाप दुसऱ्याच्या तोंडून आजोबांच्या काळातली होऊन परत येते तेव्हा कसं वाटतं सांगू? मजा वाटते. हे किळसवाणं आहे, पण खरं आहे. मला मजा वाटली होती. मग कोणीतरी म्हणालं, अंत्यविधीच्या सूचना छापून ठेवा, नव्या पिढीला काही माहीत नसतं. मी टाइप केल्या. सूचना क्रमांक चार: 'पार्थिव मार्गस्थ होईपर्यंत वाहनाचे इंजिन बंद करू नये.' प्लॅस्टिकमध्ये मढवून एक प्रत मंडळात लावली, एक व्हॅनमध्ये, तुमच्या डोक्यावर.

तुम्ही ती वाचलीत आणि त्या दिवशी हसला नाहीत. म्हणालात, "आता हिला दुरुस्त केलीच पाहिजे."

आधी दोन मेकॅनिकना दाखवून झालं होतं. दोघांनी 'गाड़ी एकदम ओके है' म्हणून परत दिली होती. तुम्ही म्हणालात, "हे तिला ठेवून घेतात, जेवून येतात, मग हात लावतात. तोवर ती थंड. ताप दुपारी येतो आणि हे सकाळी नाडी बघतात." तुमचं म्हणणं एकच: गरम असतानाच बघायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी दोन वाजता तुम्ही मला घेऊन निघालात. रिकामी शववाहिनी, काचा बंद, सोनागिरीहून बाग सेवनिया आणि तिथून पुढे होशंगाबाद रोडवर. माझा सदरा सीटला चिकटला होता. एका बंद धाब्यासमोर तुम्ही मुद्दाम इंजिन बंद केलंत आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसलात. मग सेल्फ मारला. घर्र घर्र. उठली नाही.

"हं," तुम्ही खूश होऊन म्हणालात, "आता सापडलीस."

सगळ्यांचं मत होतं की उन्हाने नळीतच पेट्रोलची वाफ होते, म्हणून गाडी उठत नाही. आदल्या उन्हाळाभर तुम्ही पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवून बघितलं होतं, फरक पडला नव्हता. त्या दुपारी तुम्ही एक प्लग खोलून माझ्या नाकाशी धरलात. ओला होता, पेट्रोलचा वास भपकन आला. "पेट्रोल इथवर पोचतंय. उगाच त्याच्यावर आळ घेत होतो." मग प्लग परत वायरीत खोचून माझ्या हातात दिलात, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धर म्हणालात, आणि स्वतः सेल्फ मारायला गेलात. "ठिणगी दिसते का?"

"लालसर आहे. मरतुकडी."

"आणि आता?"

"आता तीही नाही."

तुम्ही प्यायच्या पाण्याच्या बाटलीत फडकं बुडवलंत आणि कॉइलभोवती गुंडाळलंत. ठिणगीला जोर देणारा तो एक डबा. कोणीतरी तो इंजिनाला खेटून बसवला होता. दोन मिनिटं थांबलात, फडकं परत ओलं केलंत, पुन्हा सेल्फ मारला. ह्या वेळी निळी, टक् टक् वाजणारी ठिणगी निघाली आणि माझ्या हाताला असा झटका बसला की मी प्लग फेकून ओरडलो. तुम्ही समोरून ओरडलात, "बसला का? वा वा! म्हणजे कॉइलच!"

तुम्ही माझ्या झटक्यावर इतके आनंदलात की मलाही राग आला नाही. नवी कॉइल आणलीत, इंजिनापासून लांब, वारा लागेल अशी बसवलीत. त्यानंतर वीस वेळा तिला उन्हात तापवून, बंद करून, दहा मिनिटांनी सुरू करून बघितलंत. वीसही वेळा उठली. मग मला फोन केलात. "सुधीर, ती चौथी सूचना काढून टाक. आजारी गाडीचं पथ्य होतं ते. गाडी बरी झाली."

"पुढच्या बैठकीत काढतो," मी म्हटलं.

तीन बैठका झाल्या. काढायची तर कोणीतरी विचारणार, घातली कशी? मी विषयपत्रिकेत तो मुद्दा लिहायचो आणि पाठवायच्या आधी खोडायचो.

शेवटी तुम्हीच एकदा इंजिन बंद केलंत. करोंदला, वानखेड्यांच्या आईच्या वेळी. मुकुंद वानखेडेचं मंडीजवळ बारदानाचं दुकान आहे, वर घर. तुम्ही गाडी लावलीत आणि किल्ली फिरवलीत. अण्णा, त्या शांततेत वरच्या मजल्यावर रडणारी सूनबाई ऐकू आली. इतकी वर्षं आम्ही कोणाचं रडणंच ऐकलं नव्हतं, इंजिन ऐकत होतो.

पेंडसेकाका लगबगीने आले. "अहो बोकील, बंद काय केलीत?"

"बरी झालीय काका ती. हवी तेव्हा उठते."

"प्रश्न गाडीचा नाहीये!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन काढून कानाला लावला. कोणाचाही फोन आला नव्हता. वीस मिनिटांनी पार्थिव आणलं, तुम्ही सेल्फ मारलात, गाडी लगेच उठली. मला वाटलं, चला, मिटलं. न बोलता मिटलं.

महिनाही झाला नव्हता. मुकुंदचा धाकटा भाऊ विनोद बायपासवर ट्रकखाली गेला. तेच घर, तीच गल्ली, आणि व्हॅन घेऊन आलेले तुम्हीच. मुकुंद जिन्यावरून खाली आला, ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. "तुम्ही आईच्या वेळी गाडी बंद केली. घरात दुसरा बळी गेला. आप उतरो. माझ्या भावाला हा माणूस नेणार नाही. उतरो!" आणि तुमच्या दाराशी थुंकला.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेत याचना नव्हती. मी बोलेन असं तुम्ही साधेपणाने धरून चालला होता. मी पुढे आलो, आणि मुकुंदला काही सांगायच्या ऐवजी तुमच्यापुढे हात केला. "अण्णा, आज राहू द्या. किल्ली द्या."

तुम्ही दिलीत. मग आपली पिशवी घेऊन उन्हात सिटी बसच्या थांब्याकडे चालत गेलात. आठ दिवसांनी मंडळाचं पत्र आलं तुम्हाला: 'आपल्या प्रकृतीचा विचार करून आपणांस शववाहिनीच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.' तेही मीच टाइप केलं होतं. तुमची प्रकृती ठणठणीत होती. त्या पत्रातलं सगळ्यात घाण वाक्य शेवटचं आहे: 'आपले मार्गदर्शन लाभत राहावे.'

त्यानंतरची चार वर्षं मयताला तुम्ही मागे उभे राहायचात, स्कूटरींच्या रांगेपाशी. खांदा द्यायला पुढे आलात की कोणीतरी हळूच मधे यायचं. अपमान कोणी करत नव्हतं, फक्त तुमचा नंबर येत नव्हता. मी हे सगळं बघत होतो. तुम्ही भेटलात की तेच म्हणायचात, रागाने नाही, एखादं राहिलेलं काम आठवून द्यावं तसं: "सुधीर, एकदा उभा राहा आणि सांग." मी एकदा चिडून म्हटलं, तुम्हीच का नाही सांगत? तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं तर ती माझी सफाई होते. तू सांगितलंस तर ती माहिती आहे."

शेवटचं आपण बोललो ते रंगपंचमीनंतर, भाजीच्या ठेल्यापाशी. तुम्ही कोथिंबीर निवडत होता. म्हणालात, "मंडळाचं सोड आता. बैठकही नको. एकट्या मुकुंदला सांग. त्याला वाटतंय त्याच्या भावाला मी मारलं. माझं काय, मला माहीत आहे मी नाही मारलं. पण त्याला चार वर्षं हे घेऊन जगावं लागतंय ना."

"बघतो, अण्णा."

तुम्ही जुडी ठेल्यावर परत ठेवलीत आणि प्रथमच माझ्याकडे न बघता निघून गेलात.

आता तुमच्या दारातली ती पन्नास मिनिटं. नवा ड्रायव्हर शंकर, तुमच्या जागी ठेवलेला, खिडकीतून मला म्हणाला, "साब, बंद कर दूँ? एक सेल्फ में उठती है ये. बोकील बाबूजी ने ऐसी बना रखी है कि क्या बताऊँ. काहे को धुआँ खिला रहे हो सबको?" मी त्याला गप्प बस अशी खूण केली. मग वहिनी दारात आल्या. डोळे सुजलेले, पदर नाकाला. "भाऊजी, ती गाडी बंद करायला सांगा. ह्यांना हे आवडायचं नाही."

आणि मी म्हटलं, "वहिनी, रीत आहे."

कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. पेंडसेकाका लांब होते, मुकुंद आलाच नव्हता. वहिनी आत गेल्या. त्या संध्याकाळी मी दोनदा अंघोळ केली. कपड्यांचा वास जात नव्हता. बायको म्हणाली, कपडे धुवून वाळत पडलेत, कसला वास येतोय तुम्हाला?

तिसऱ्या दिवशी शोकसभा. किल्ली काढून घेण्याच्या ठरावावर ज्यांच्या सह्या आहेत, त्या सगळ्यांनी तुमच्या निःस्वार्थ सेवेबद्दल सांगितलं. पेंडसेकाका तुम्हाला मंडळाचा आधारस्तंभ म्हणाले. मी सात मिनिटं बोललो, मधे एकदा रुमाल काढला. खाली उतरल्यावर एक बाई म्हणाल्या, "फार छान बोललात हो." मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. ओकारी आली असती तर बरं वाटलं असतं. तीही आली नाही.

काल तुमचं चौदावं झालं आणि आज सकाळी मी करोंदला गेलो. मुकुंद दुकानात पोती मोजून घेत होता. चहा मागवायला लागला, मी नको म्हटलं, आणि उभ्यानेच सांगितलं. रीत नव्हती. मी बनवली. गाडी खराब होती म्हणून बनवली. बोकीलअण्णांनी ती दुरुस्त केली होती, म्हणून बंद केली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याने हातातली सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मग विनोद कशाने गेला?"

"ट्रकने, मुकुंद."

"ट्रकने तर कोणीही जातं," तो म्हणाला. "माझा विनोद कशाने गेला?"

तुम्ही असता तर ह्याचं उत्तर तुमच्याकडेही नसतं, पण तुम्ही त्याच्याजवळ बसला असता. मी उभाच राहिलो. तो पोत्यांच्या थप्पीवर बसला. इतकी वर्षं त्याच्याकडे निदान एक कारण होतं, एक माणूस होता. मी ते दोन्ही काढून घेतलं होतं आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"मी त्यांच्यासमोर थुंकलो," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

"मला रोकलं का नाही? एवढं एक वाक्य बोलले असते. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?" त्याचा आवाज चढला, हमाल वळून बघायला लागले. "चार साल! मी बोकीलकाका दिसले की रस्ता बदलायचो. माझ्या पोरांना त्यांच्या पाया पडू दिलं नाही. आणि तुम्ही दर दिवाळीला माझ्या घरी येऊन चिवडा खाऊन जात होतात."

त्याने सुतळी फेकली आणि उठला. "चला."

"कुठे?"

"काकूंकडे. माझ्यासमोर सांगा त्यांना."

त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी करोंदहून सोनागिरीला आलो. तुमच्या ओट्यावर मी चपला काढल्या. वहिनींनी दार उघडलं, आम्हा दोघांना एकत्र बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. तुम्ही त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतंत हे मला तेव्हा कळलं. मी सगळं परत सांगितलं. बाग सेवनियाचा जावई, चौथी सूचना, करोंदची किल्ली, आणि पंधरा दिवसांपूर्वी ह्याच दारात त्यांना दिलेलं उत्तर. मुकुंद मान खाली घालून माझ्या शेजारी उभा होता. माझं संपल्यावर तो वाकला आणि उंबऱ्याला डोकं टेकवून म्हणाला, "काकू, मी काकांना..."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. "तू आत ये, मुकुंद. उन्हाचा आलायस, पाणी घे." मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुम्ही बाहेरच थांबा."

दार त्यांनी लावलं नाही, पडदा तेवढा सोडला. आतून पेला ठेवल्याचा आवाज आला, मग मुकुंदचा हुंदका, मग बराच वेळ दोघांचं हळू बोलणं. त्यात तुमचं नाव दोनदा आलं, माझं एकदाही नाही. ओट्याची फरशी तापली होती, चपला माझ्या हातभर अंतरावर होत्या. मी त्या घातल्या नाहीत. मला कोणी आत बोलावलं नाही, अण्णा, आणि कोणी जा असंही म्हटलं नाही. मी थांबलो.